घट्ट झाकणाचा डबा

हिरामावशी, दोन बातम्या आहेत! दोन्ही तुमच्याच आहेत आणि ऐकायला नेमक्या तुम्हीच नाही. तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत इतकं काही घडलंय की मला कुणाला तरी हलवून हलवून सांगावंसं वाटतंय, आणि ज्यांना सांगते ते सगळे "वा, छान" म्हणून चहा प्यायला लागतात. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून म्हणाला असतात, "परत सांग, पयल्यापासून." म्हणून पयल्यापासून सांगते.

पहिली बातमी आधी सांगून टाकते, ती पोटात मावत नाही. माझ्या लेकीला, मैत्रीला शाळेत घेतलं! मोठ्या शाळेत, चाळीस मुलांच्या वर्गात, जूनपासून! शाळेच्या फाटकाबाहेर आल्या आल्या मी सवयीने तुमचा नंबर लावला. तुमच्या सुनेने, रेखाने उचलला, तेव्हा कुठे मला भान आलं. काय बोलावं सुचेना, म्हणून तिलाच सांगून टाकलं, "रेखा, घेतलं गं तिला." ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "आय पायजे व्हती."

दुसरी बातमी कालची आहे, तुमच्या घरातली, तुमच्या फोटोसमोरची. ती शेवटी सांगेन. आत्ता सांगितली तर पुढचं लिहून होणार नाही.

तुम्हाला आठवतो का तो पहिला दिवस? मैत्री तीन वर्षांची होती. डॉक्टरांनी ऑटिझम असं सांगून चार महिने झाले होते. माझ्या सासरचे परभणीहून फोन करकरून सांगत होते की मुली उशिरा बोलतात, त्यात काय एवढं. कोपरखैरण्यातल्या त्या दोन खोल्यांच्या, अशा मुलांसाठीच्या केंद्रात मी तिला घेऊन आले, तर ही बया दारातच आडवी पडली. आतून दोन टीचर आल्या, केंद्र चालवणाऱ्या शुभाताई स्वतः आल्या, कुणी खुळखुळा वाजवला, कुणी फुगा दाखवला. मैत्रीने दोन्ही कान दाबले आणि किंचाळायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आणि तुम्ही हातात झाडू घेऊन आलात, सगळ्यांना आत पिटाळलंत आणि तिच्याजवळ पायरीवर बसलात, तिच्याकडे न बघता.

"बसू दे तिला," म्हणालात. "उनात बसली म्हनून काय वितलत नाय."

तुम्ही त्या दिवशी सकाळी घरी मासळी साफ करून आला होतात. वास जावा म्हणून हाताला लिंबू चोळलं होतं, तरी दोन्ही वास येत होते. मैत्रीने हळूच तुमचा पंजा ओढला आणि नाकाला लावला. मी ओशाळून तिला मागे ओढायला लागले, तर तुम्ही मला डोळ्यांनीच दटावलंत. "हुंगू दे गो. मावऱ्याला वास हाय म्हनून तर गिऱ्हाईक येतंय." बोनकोड्याच्या तुम्ही, वीस वर्षं बाजारात पाटी घेऊन बसलेल्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून केंद्रात मावशीचं काम धरलेलं. टीचर लोकांकडे डिप्लोमे होते. पण माझी मुलगी आत गेली ती तुमचा हात हुंगत.

आता माझ्या हातांची गोष्ट. ती तुम्हाला पाठ आहे, तरी सांगते, कारण तुम्ही ती नेहमी तुमच्या बाजूने सांगायचा.

मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. समोर आलेल्या माणसाचं तोंड बघून मला कळतं, कोण सुईला घाबरलंय, कोणाला आधी बाथरूम कुठे ते विचारायचंय. मैत्रीच्या बाबतीत तर मी पदवीधरच होते. तिने फ्रिजकडे बघितलं की दूध. मान वाकडी केली की पंखा कमी. दात आवळले की शेजारचा मिक्सर बंद होईपर्यंत तिला बाल्कनीत न्यायचं. तिला तोंड उघडायची, हात उचलायची वेळच येऊ द्यायची नाही, याचा मला भयंकर अभिमान होता. तिचा डबा स्टीलचा, दाबून बसवायच्या झाकणाचा. त्यात बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळीचे तुकडे, कारण दुसरं काही ती खायची नाही. झाकण मी नुसतं वर ठेवायचे आणि रबरबँड लावायचे. लेकराला केंद्रात तेवढाही त्रास नको.

आणि एक दिवस लॅबमधून लवकर सुटले, केंद्राच्या खिडकीतून आत बघितलं, तर काय दिसलं? तुम्ही रबरबँड काढला, झाकणावर पंजाने दणकन थाप मारून ते घट्ट बसवलंत आणि डबा मैत्रीसमोर ठेवलात. मग स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसून राहिलात, बस येईपर्यंत थांबावं तशा. मैत्री झाकण ओढत होती. ते निघत नव्हतं. ती रडायला लागली, कपाळावर हात मारून घ्यायला लागली. तुम्ही ढिम्म.

मी आत कशी आले ते मला आठवत नाही.

"काय चाललंय हे? लेकरू भुकेनं रडतंय आणि तुम्ही बघत बसलाय?"

"उपाशी नाय ठेवत गो. मागतंय ती. जरा थांब."

"कुठे मागतेय? तिला बोलता येतं का?"

"तोंडानंच मागाला पायजे काय? हे बग, बाजारात वरडून गिऱ्हाईक पाटीकरं येतंय. पन मावरं निवडतंय ते आपन गप बसल्यावर. आपला हात पाटीत गेला का ते पलतंय."

तेव्हा मी जे बोलले ते दोन वर्षं माझ्या घशात आहे. "हे तुमचं मच्छी मार्केट नाही, मावशी. आणि माझी मुलगी तुमच्या पाटीतली मासळी नाही."

तुम्ही मांडीखालून हात काढलेत, डबा उघडून मैत्रीपुढे ठेवलात आणि फरशी पुसायचं फडकं आणायला आत गेलात. मला एका शब्दाने उलटून बोलला नाहीत. भांडला असतात तर मला बरं झालं असतं.

मी तेवढ्यावर थांबले नाही, हेही कबूल करते. दुसऱ्या दिवशी लॅबच्या कागदावर पानभर तक्रार लिहून शुभाताईंच्या टेबलावर ठेवली. केंद्र त्यांचंच, त्यांना तोंड द्यावंच लागलं. त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "ही पद्धत आम्ही आईवडिलांना शिकवतोच. हवी ती वस्तू समोर ठेवायची, पण मुलाला मागावं लागेल अशी. मावशींना कुणी शिकवली नव्हती, त्यांना ती आपोआप येते. पण तुम्हाला विचारल्याशिवाय करायला नको होती, ते आमचं चुकलं." आणि माझा राग निवेपर्यंत त्यांनी तुम्हाला वर्गातून काढून फाटकावर बसवलं. मला वाटलं, मी जिंकले.

तिसऱ्याच दिवशी शुभाताईंचा लॅबमध्ये फोन. "सुजाता, आत्ता येता का? गुपचूप या." पोट दुखतंय म्हणून सांगून मी रिक्षाने निघाले. ऑफिसच्या खिडकीतून दोघी बघत उभ्या राहिलो. मैत्री वर्गातून बाहेर आली, चवड्यांवर चालत, दोन्ही हातांत डबा. टीचरने झाकण घट्ट लावलं नव्हतं, तिने स्वतःच अंगणात येऊन छातीशी धरून दाबलं! फाटकापर्यंत आली. तुम्ही स्टुलावर, हात मांडीखाली, नजर समोरच्या बदामाच्या झाडावर. मैत्री उभी राहिली. किती वेळ! माझे हात खिडकीचे गज ओढत होते. मग तिने झाकणावर पंजाने दोन थापा मारल्या, तुमच्यासारख्याच, आणि डबा तुमच्या पोटाला लावला.

"आली का माजी बाय!" तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात की रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. डब्याची कड पायरीवर तीन ठिकाणी टक, टक, टक आपटलीत, डबा फिरवत, मग अंगठ्याने झाकण उचललंत. मी त्या खिडकीत नाचले, मावशी! शुभाताईंना मिठी मारली. तीन वर्षांत माझ्या मुलीने पहिल्यांदा कुणाकडे तरी काहीतरी मागितलं होतं.

आणि बाहेर येऊन तुम्हाला काय म्हणाले? माफ करा म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. तिथून निघालं ते हे: "काचऱ्या आवडल्या वाटतं आज."

तुम्ही एक तुकडा तोंडात टाकलात. "मीठ जास्त हाय," म्हणालात.

झालं, एवढ्यावर आपलं मिटलं. तुमच्याकडून तरी. तुम्ही वर्गात परत आलात, मधल्या सुट्टीत बसायचं स्टूल मात्र फाटकावरच ठेवलंत, आणि पुढची दोन वर्षं मी रोज संध्याकाळी तुमच्याकडून बातम्या गोळा करायची. आज मैत्रीने झोका मागितला. आज बाटलीचं टोपण. आज शू लागल्याचं सांगितलं, वेळेवर, तुमच्या पदराचा शेव ओढून! तुम्ही पयल्यापासून सांगायचा, मी परत परत ऐकायची. फाटकावरचा तो पाऊण तास माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ होता, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. लॅबमध्ये लोक रिपोर्ट न्यायला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते माझ्या चेहऱ्यावर रोज असायचं. आणि तुमचा रिपोर्ट नेहमी चांगलाच असायचा.

पण ते सगळं केंद्रात. घरी मैत्री काहीच मागायची नाही. आणि त्यावर आपलं जे भांडण झालं, ते अजून चालूच आहे, मावशी. तुम्ही मध्येच उठून गेलात म्हणून ते संपलं असं समजू नका.

दीड महिन्यापूर्वी तुम्ही आमच्या घरी आलात. तीन जिने त्या गुडघ्यांनी चढून, पिशवीत मैत्रीसाठी सुकट घेऊन. तासभर बसलात आणि नुसतं बघत राहिलात. मी तेवढ्यात तिला पाणी दिलं, चपला काढल्या, पंखा कमी केला, गादीवर चादर सारखी केली, केस बांधले. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"तुज्या हातांना लई घाई हाय," तुम्ही म्हणालात.

"आई आहे मी तिची. मला कळतं तिला काय हवं ते."

"तेच बोलतंय मी. तुला कलतंय. तू मेल्यावर कोनाला कलल?"

मावशी, असं कुणी बोलतं का? ज्या एका विचाराने माझ्यासारख्या आयांना डोळ्याला डोळा लागत नाही, तो तुम्ही चहाचा कप खाली ठेवता ठेवता बोलून टाकलात. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तुम्ही निघालात तेव्हा दारापर्यंतसुद्धा आले नाही. तुम्ही कठडा धरून एकेक पायरी उतरत होतात, त्याचा आवाज मी ओट्यापाशी उभी राहून ऐकला. त्यानंतर महिनाभर फाटकावर कामापुरतं बोलले. बातम्या विचारल्या नाहीत. तुम्ही आपणहून सांगायचा, मी "हं" करायची.

त्यातच शाळेचं निघालं. शाळेच्या हेडबाईंनी सरळ सांगितलं होतं, "बोलली नाही तरी चालेल. पण पाणी हवंय, शू लागलीय, काही दुखतंय, हे तिला अनोळखी माणसाला सांगता आलं पाहिजे. चाळीस मुलांत माझ्या बाईंना ते ओळखता येणार नाही." त्यांचं काही चूक नव्हतं. गुरुवारी त्या तिला भेटणार होत्या. शुभाताई म्हणाल्या, मावशींना बरोबर नेऊ, त्यांच्यापुढे तरी ती नक्की मागेल. आणि तुम्ही माझा महिनाभराचा फुगलेला चेहरा विसरून लगेच म्हणालात, "येतंय ना मी. नवी सारी नेसतंय."

रविवारी सकाळी तुम्ही गेलात. त्या दिवसाचं मी काही लिहिणार नाही.

सोमवारी मी मैत्रीला केंद्रात पाठवलं. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं? नाही सांगितलं. डब्याचं झाकण मात्र पुन्हा नुसतं वर ठेवलं, रबरबँड लावून. दोन वर्षं ते दाबून लावत होते, त्यानंतर. मला तिची दया आली होती, आणि खरं तर माझी स्वतःचीही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन फाटकावर गेली. तुमचं स्टूल तिथेच होतं, आत ठेवायचं कुणाच्या जिवावर येत नव्हतं. ती स्टुलापुढे उभी राहिली. टीचरने हाक मारली, डबा उघडून दिला, तिने तो बंद केला. संध्याकाळी डबा भरलेला परत आला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

"भूक कशी लागत नाही हिला?" माझा नवरा प्रशांत म्हणाला. तो द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे, जेवणाची वेळ चुकली की त्याचं डोकं फिरतं, म्हणून त्याला हे अजिबात कळेना.

"भूक आहे रे. पण मागायचं कुणाकडे ते तिला कळत नाहीये."

हे मी बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. अनोळखी माणूस लांब राहिला, तिचं मागणं तुमच्या स्टुलापाशीच संपलं होतं. शुभाताई म्हणाल्या, भेट पुढे ढकलू. प्रशांत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. जाऊ तर. नाही झालं तर नाही झालं." नाही झालं तर एक वर्ष जाणार होतं. आणि पुढच्या वर्षी तरी फाटकावर कोण बसणार होतं?

गुरुवारी सकाळी काचऱ्या केल्या, डबा भरला. हात रबरबँडकडे गेला. आणि काय झालं कोण जाणे, मी झाकणावर पंजाने थाप मारली. तुमच्यासारखी. दणकन! आतल्या खोलीतून मैत्री चवड्यांवर धावत आली आणि दारात उभी राहून डब्याकडे बघत राहिली. मी आणखी एक मारली. प्रशांत दाढी करता करता बाहेर आला, "अगं, खालचे वर येतील!" येऊ देत म्हटलं. चार दिवसांत पहिल्यांदा मला जोर आला होता.

हेडबाईंच्या खोलीत मी, प्रशांत आणि शुभाताई भिंतीकडेला खुर्च्यांवर बसलो. हेडबाई फार चांगल्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. त्यांनी मैत्रीला चित्रं दाखवली, चेंडू दिला, नावाने हाका मारल्या. मैत्री टेबलाखाली जाऊन पेनाचं टोपण फिरवत बसली. वीस मिनिटं झाली. हेडबाईंनी फाइल मिटली. "गोड आहे मुलगी," म्हणाल्या. मावशी, मुलीला गोड म्हटलं की पुढे नकार येतो, हे मला आता पाठ झालंय. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मैत्री टेबलाखालून निघून दप्तराकडे गेली.

शुभाताई हळूच म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबता का, मॅडम?"

मैत्रीने डबा काढला. झाकण ओढून बघितलं. घट्ट! मी माझे दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसले. प्रशांतचा हात पुढे जायला लागला, त्याच्या पायावर पाय दिला. ती माझ्यासमोरून गेली. प्रशांतसमोरून गेली. शुभाताईंसमोरून गेली. दाराशी शिपायाचं रिकामं स्टूल होतं, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी मनात मोजायला लागले. वीस झाले, तीस झाले. तुम्ही एवढा वेळ कशा बसायचा हो? हातांना मुंग्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात नव्हता.

आणि ती वळली! टेबलाला वळसा घालून गेली, हेडबाईंपुढे उभी राहिली, झाकणावर दोन थापा मारल्या आणि डबा त्या इस्त्रीच्या साडीत खुपसला!

हेडबाई दचकल्या. "काय हवंय हिला?" त्यांनी मला विचारलं. आणि मी, जिला सगळं आधी कळतं, जी सगळ्यांच्या आधी उत्तर देते, ती मी तोंड मिटून बसले. आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मैत्रीकडे बघितलं. "उघडून हवाय का?" मैत्रीने पुन्हा दोन थापा मारल्या. हेडबाईंनी स्टीलच्या पट्टीने झाकण उचकटलं, एक काचरी उडून फाइलवर पडली आणि हेडबाई इतक्या मोठ्याने हसल्या की शिपाई धावत आला. "अहो, हिला मागता येतं की!" म्हणाल्या. "जूनमध्ये आणा. आणि हाच डबा द्या."

इथे थांबून तुम्ही मला नेमकं विचारलं असतंत, "आनि तुज्याकरं का नाय आली?" तेच तर! एवढ्या आनंदात तेवढं एक कुसळ मला टोचत राहिलं. भुकेली पोर स्वतःच्या आईच्या गुडघ्याला घासून गेली आणि पहिल्यांदा भेटलेल्या बाईकडे मागितलं. तिची चूक नाही. मी मागायची जागाच कधी ठेवली नव्हती. पाच वर्षांत तिने माझ्याकडे एकदाही, एक घोट पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. शाळेचा पेढा वाटताना माझ्या मनात हेच चालू होतं.

आता कालचं.

काल तुमचा बारावा. मैत्रीला घेऊन मी बोनकोड्यात आले. वाटेत ती तीनदा बसली, तरी आले. दिवाणखान्यात खुर्चीवर तुमचा फोटो, हार, समोर पानात तांदळाची भाकरी आणि तुमच्या आवडीचे बोंबील. फोटोत तुम्ही रागावल्यासारख्या दिसता, आवडला नाही मला. चटईवर गावातल्या बायका बसल्या होत्या. मी मागे भिंतीला टेकून बसले. मैत्री दारातच थांबली, तिने नाक वर करून वास घेतला, आणि सरळ फोटोकडे गेली. दप्तर उतरवलं, डबा काढला. झाकणावर दोन थापा मारल्या. डबा फोटोच्या काचेला लावला.

कुणीतरी पदर तोंडाला लावला. मी हात मांडीखाली घातले.

ती थांबली. पुन्हा दोन थापा. पुन्हा डबा काचेला. मी मोजत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. रेखा पुढे आली, हात पसरून म्हणाली, "दे बाय, मी उघरतंय." मी म्हटलं, "थांब गं रेखा." मैत्रीने रेखाच्या हाताकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. मग वळली, बायकांच्या मधून वाट काढत आली, माझ्यासमोर उभी राहिली. दोन थापा. आणि डबा माझ्या पोटाला लावला.

मावशी, ही दुसरी बातमी! माझ्या लेकीने माझ्याकडे मागितलं!

मी घाईघाईने हात बाहेर काढले, मुंग्या आलेल्या हातांनी झाकण ओढायला लागले, तर ते निघेना. सकाळी उत्साहाच्या भरात एवढी जोरात थाप मारली होती की नखं मोडली तरी हलेना. सगळा गाव माझ्याकडे बघतोय आणि मला डबा उघडता येत नाही! मैत्रीने तो माझ्या हातातून परत घेतला. वाटलं, गेलं, कंटाळली. ती खाली बसली, डब्याची कड फरशीवर टक, टक, टक अशी तीन ठिकाणी आपटली, डबा फिरवत. झाकण सुटलं. तिने ते काढलं नाही. तसंच वर ठेवून डबा पुन्हा माझ्या पोटाला लावला आणि वाट बघत उभी राहिली.

तिला उघडता येतं, मावशी. कधीपासून येत होतं? तुम्हाला ठाऊक होतं, हो ना? उघडता येत असूनही ती रोज फाटकापर्यंत चालत येत होती आणि तुम्ही रोज हात मांडीखाली घालून तिची वाट बघत होतात. आणि मला यातलं काहीच बोलला नाहीत. मी स्वतः बघेपर्यंत थांबलात.

मी झाकण उचललं. तिने एक काचरी घेतली आणि माझ्या मांडीला टेकून खायला लागली. एक मी तोंडात टाकली. दोन वर्षांपूर्वी तुमच्या फाटकावर जे म्हणायचं राहून गेलं, ते तुमच्या फोटोकडे बघून, सगळ्या बायकांदेखत, मोठ्याने म्हटलं. चुकलं माझं, मावशी. तुमचं बरोबर होतं.

मीठ जास्त हाय.